भाचीची सही

लुबना झोळीत झोपली आहे. अंगठा तोंडातून सुटला की जागी होईल, तोवर लिहिते.

ती पोटात होती तेव्हा फिरोजभाईनं आणि मी बोर्ड कसे करायचे ते ठरवलं. बीडला माझ्या या भावाचं मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान आहे. लाईट आली की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो आम्हाला करायचा होता. त्याच्या आतल्या सर्किट बोर्डाचा नक्षा मी कॉम्प्युटरवर काढला, आयटीआयत शिकले तेवढ्यावर. मार्करनं हातानं रेघा ओढल्या तर दिवसाला दोन बोर्ड. फॅक्टरीत दिले तर शेकड्यानं, पण मग मी काय करणार? राहिली इस्त्री. गुळगुळीत कागदावर नक्षा छापायचा, तांब्याच्या पत्र्यावर पालथा ठेवून गरम इस्त्री दाबायची. शाई चिकटते, उघडं राहिलेलं तांबं ॲसिडमध्ये विरघळतं, शाईखालच्या रेघा उरतात.

"इस्त्रीच," भाई म्हणाला. "ॲसिडचं मी दुकानात बघतो. बाकी तू घरात बसून कर. फॅक्टरीचं नाव काढणार न्हाई, शब्द हाय माझा."

नक्षा काढताना लुबनानं आतून अशी लाथ मारली की माउस सरकला, सरळ रेघेला वळसा पडला. मी पुसायला गेले.

"राहू दे गं," भाई हसला. "भाचीची सही हाय ती."

लुबना दोन महिन्यांची झाली तेव्हा तो म्हणाला, "आता मागणी न्हाई. आराम कर." मी खरं मानलं. इस्त्रीखाली नुसती दुपटी यायला लागली, त्याला आता सहा महिने झाले.

काल दुपारी नेकनूरचे धुळाजीमामा आले. पहिला ऑटो त्यांच्याच विहिरीवर बसवला होता.

"पोरी, हा दुसऱ्या विहिरीवरचा जळाला. फिरोज म्हणतो, नवा घ्या. मेंढरं दोन दिस झाले लोकाच्या हौदावर हायेत. तू बघ बरं."

डबा उघडला. आत हिरवा, चकचकीत, फॅक्टरीचा बोर्ड. वर पांढऱ्या अक्षरांत 'फिरोज ऑटो'. आणि कोपऱ्यात तोच वळसा.

"कधी घेतला, मामा?"

"झाले की चार महिने. गावात आसले नऊ हायेत."

जळाली होती ती मोटार चालू-बंद करणाऱ्या रिलेकडं जाणारी रेघ. तिच्यावरून जास्त करंट जातो म्हणून दर बोर्डाला मी हातानं कथलाचा जाड थर द्यायची. नक्ष्यात ते नव्हतं. भाईनं नक्षा नेला; घरात बसून मी काय करते, ते कधी विचारलंच नव्हतं.

मी रेघ जोडली, थर दिला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"रडती कावून?" मामा गडबडले. "बोर्डच जळालाय ना?"

संध्याकाळी भाईचा फोन. "शाईस्ता, बोर्ड लई जळायलेत गं. त्या रेघेवर तू काय करायचीस?"

"मागणी न्हाई म्हणालतास."

तो म्हणाला, "तुझं लेकरू लहान. म्हणलं, कावून तरास द्यायचा."

"लेकराची सही तेवढी नेलीस."

"सांग ना गं."

ओठावर आलं होतं. लहानपणापासून त्याच्यापासून मी काही लपवलं नव्हतं. न सांगताच फोन ठेवला.

आज सकाळच्या बसनं धुळाजीमामांनी गावातले आणखी तीन डबे धाडले. कथील वितळवायची सोल्डर गन तापत ठेवली आहे. भाईचे पाच मिस कॉल आहेत.

अंगठा सुटला.