डावी टाच

यातून थोरलीला काय मिळणार होतं, ते आधी बघू. आत्याच्या पाठीमागची जागा.

बाहेरच्याला वाटेल, त्यात एवढं काय? पण त्यांच्यात टाचेची चाल, म्हणजे टाचा उचलत चालायचा पिढीजात नाच, समोर उभं राहून शिकवत नाहीत. शिकवणारी पाठ करून चालते आणि शिकणारी तिच्या टाचा बघत मागून. आत्यानंतर चाल कुणाची, हे तिच्या लगेच मागे कोण उभी राहते त्यावर ठरतं. आत्याचे गुडघे हल्ली कुरकुरत होते. भाच्या दोन, जागा एक. आणि आत्या ती जागा कधी थोरलीला द्यायची, कधी धाकटीला. कुणाला काही कळू देत नव्हती.

नाट्यगृहाबाहेरच्या पोस्टरवर 'आदिवासी स्त्रियांचं समकालीन नृत्य' असं लिहिलं होतं. पत्रकार दर वेळी विचारत, हे पारंपरिक की आधुनिक? आत्या म्हणायची, "गुडघे जुने, बाकी सगळं नवीन." खरंच होतं ते. बसची रांग, कारखान्याची पाळी, कचेरीच्या खिडकीपुढचं ताटकळणं, हे सगळं तिघी नाचायच्या. टाचेची चाल तेवढी शेवटी यायची, आणि ती प्रेक्षकांकडे पाठ करून करायच्या. जाणकारांनी त्या पाठीचे नाना अर्थ काढले. आत्याने एकालाही चूक म्हटलं नाही. फुकटची शोभा कोण नाकारतं?

प्रयोगाच्या दिवशी दुपारी थोरली धापा टाकत मेकअपच्या खोलीत आली.

"आत्या, वरच्या हॉलमध्ये मोठ्या बाईंच्या पोरी आपली चाल करतायत!"

मोठ्या बाई म्हणजे शहरातल्या नावाजलेल्या नृत्यदिग्दर्शिका. त्यांचा स्वतःचा प्रयोग पुढच्या आठवड्यात होता.

आत्याच्या हातातली सुई थांबली. "नीट बघितलंस?"

"दारातून दिसलं, लगेच पळत आले. उगाच कुणाचं नाव घेऊ नये," असं म्हणून थोरलीने नाव घेतलंच. "पण तालमीनंतर रोज कोण गायब होतं? तालमीत फोन कोण लावून ठेवतं?"

धाकटी कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत होती. "फोन मी माझ्या चुका बघायला लावते."

"आणि जातेस कुठे?"

"नंतर सांगेन."

"आत्ता सांग ना."

"नाही सांगत, जा!"

झालं. नाही म्हटलं की संशयाला बसायला पाट मिळतो. आत्याला मग एकेक आठवू लागलं. परवा धाकटी कुणाशी तरी कुजबुजत फोनवर बोलत होती. आपण आल्यावर तिने पर्स घाईने मिटली होती. मोठ्या बाईंनी तिचं कौतुकही केलं होतं. तेव्हा बरं वाटलेलं कौतुक आता आत्याच्या घशाखाली उतरेना.

"आज तू खाली बस, प्रेक्षकांत," ती म्हणाली.

धाकटीने अर्धवट राहिलेली नाडी बांधली आणि ती निघून गेली. थोरली आरशात बघून रंग लावू लागली. आत्याच्या मागे आता एकटी तीच होती.

पण आत्याचं मन काही बसेना. ती कठडा धरत एकेक पायरी चढली आणि वरच्या हॉलच्या दारात उभी राहिली. मोठ्या बाईंनी लांबूनच हात जोडले, जरा जास्तच वाकून. आत्याने बाईंकडे बघितलंच नाही. ती पोरींचे पाय बघत होती.

खाली आली तेव्हा आवाज अगदी शांत होता. "पोरी उजव्या टाचेने सुरू करतात."

"मग चुकीचंच शिकल्या की!" थोरली हसली.

"आपण डाव्या टाचेने सुरू करतो. मागून शिकणारी डावीच उचलते. धाकटीचा फोन कायम मागच्या भिंतीला टेकलेला. त्यात पाठच दिसते, म्हणजे डावीच. प्रेक्षकांनाही पाठच दिसते. समोर उभं राहून, आरशात बघावं तसं चाल उचलणारीचीच उजवी होते. बाईंच्या समोर कोण चाललं?"

थोरलीचा ब्रश कपाळावरच थांबला.

"चहाला बोलावलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "म्हणाल्या, पाठ तर सगळेच बघतात, त्या वेळी तुमचा चेहरा काय करतो? मी चेहराच दाखवत होते गं. पाय आपोआप चालले."

"आणि बाई?"

"समोर उभ्या राहून करून बघत होत्या. मला वाटलं, कौतुकाने करतायत."

"आणि नाव धाकटीचं घेतलंस."

"मला खरंच तीच वाटली." हे खोटं नव्हतं. आपल्याकडून काही सुटलं असेल, हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

आत्या पडद्याच्या फटीतून प्रेक्षागृहात गेली. धाकटी कडेच्या खुर्चीवर होती. काही न विचारता तिने पर्स उघडून आत्याच्या हातावर एक कार्ड ठेवलं. गाडी चालवण्याचा परवाना. आजच हातात पडला होता. तालमीनंतर ती रोज गाडी शिकायला जात होती; परवा पर्समध्ये लपवली ती त्याच क्लासची पावती.

"तुझे गुडघे बसच्या पायऱ्या चढत नाहीत ना," ती म्हणाली. "आपल्या व्हॅनला दर प्रयोगाला ड्रायव्हर तरी किती दिवस शोधायचा? आज प्रयोगानंतर सांगणार होते."

आत्याने कार्ड परत तिच्या पर्समध्ये ठेवलं.

"मग येऊ का आता वर?" धाकटीने विचारलं.

"नको."

"अजून संशय आहे?"

"नाही गं. पण समोरून गेलेली चाल मंचावर आपली राहत नाही. आजपासून मंचावर मी उजवीच उचलणार. डावी आता कुणाला दिसू नये, ती घरात ठेवायची आहे. ती तुझी. पण जिच्याकडे डावी, तिचे पाय उजवीला लागता कामा नयेत. तुला मंचावर येता येणार नाही."

"कधीच?"

आत्या पडद्याकडे वळली. तिसरी घंटा झाली.

टाळ्या भरपूर पडल्या. आत्याने जन्मात पहिल्यांदा सुरुवातीला उजवी टाच उचलली, मागून थोरलीने उचलली, आणि कुणालाही काही वेगळं वाटलं नाही. मोठ्या बाई पहिल्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

तर बाईंना चाल मिळाली, उजवी का होईना. थोरलीला हवी ती जागा मिळाली. आत्याची चाल घरात शाबूत राहिली. या सगळ्याची किंमत मोजली ती व्हॅनमध्ये बसली होती. मागे दोघी बसल्याची खात्री करून धाकटीने आरसा सारखा केला, डाव्या पायाने क्लच दाबला आणि गाडी हळूच रस्त्यावर काढली.