नळीबाबाचा खडा

टण् असा आवाज झाला की सगळा हॉल श्वास रोखायचा. आवाज स्टीलच्या वाटीचा होता आणि वाटीत पडलेला असायचा एक काळा, ओला खडा. नळीबाबा मुलाच्या कानाला पितळी नळी लावायचा, गाल आत ओढून जोर लावायचा आणि तो खडा वाटीत थुंकायचा. मग माइक हातात घेतलेला चेला सुरू व्हायचा.

“बघा मंडळी, हा मठ्ठपणाचा खडा. हा कानात असल्यावर बाईंचं शिकवणं आत जाणार कुठून? शाळा सुरू व्हायच्या आधी खडा काढा आणि निर्धास्त राहा. ताप नाही, खोकला नाही, लसही नको. विज्ञानसुद्धा हेच सांगतं, पोकळी म्हणजे पोकळी.”

विज्ञान असं कुठे सांगतं हे विचारायला कोणी मोकळं नव्हतं. सगळ्यांचे हात मोबाइल वर धरण्यात गुंतले होते.

बालवर्गाच्या बाई दाराशी उभ्या राहून हे बघत होत्या आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रस्त्यापलीकडच्या शाळेत आज त्यांनीच पालकसभा ठेवली होती. मूल शाळेत घालण्याआधी त्याचे डोळे नि कान तपासून घ्या, लशी पूर्ण करा, अंगात ताप असेल तर घरी ठेवा, साबणाने हात धुवायची सवय लावा, एवढंच सांगायचं होतं. डॉक्टरीणबाईही येऊन बसल्या होत्या. सभेला हजर होते शाळेचा शिपाई आणि एक आजोबा, तेही पंखा चालू होता म्हणून. बाईंनी घरोघरी पोचवलेला सूचनांचा कागद मात्र इथे कामी आला होता. लोक त्यात खडा गुंडाळून नेत होते.

रांगेत अगदी पुढे बाईंना त्यांची वहिनी दिसली. तिचं बोट धरून पाच वर्षांची भाची उभी होती. घरात सगळे तिला भोंगा म्हणत, कारण तिने पाणी मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं. बाई गर्दीतून वाट काढत तिथे पोचल्या.

“वहिनी, किती वेळा सांगितलं, हिचे कान तपासून घे म्हणून.”

“हिला चांगलं ऐकू येतं,” वहिनी म्हणाली. “समोर उभं राहून सांगितलं की सगळं करते. पाठ फिरवून बोललं की ढिम्म. हट्टी आहे नुसती. आणि तुमच्या मोठ्या बाई काय म्हणाल्या? मुलगी मंद वाटते, एक वर्ष थांबा. आता ही संधी गेली तर पोर घरीच बसेल.”

बाईंना तिची कणव आली आणि रागही आला, पण राग जास्त आला. त्यांनी पुन्हा समजावायला तोंड उघडलं, तर मागच्या एका गृहस्थांनी शिकवायचं ते शाळेत शिकवा म्हणून सुनावलं.

तेवढ्यात भोंग्याची पाळी आली. बाबाने तांब्यातल्या मंतरलेल्या पाण्याचा घोट घेतला आणि डोळे मिटले. पाणी घेतल्यावर बाबा मौनात जातात, आता सगळं बोलणं माझ्याकडे, असं चेल्याने जाहीर केलं. भोंगा बाबाचं तोंड निरखून बघत होती. नळी जवळ येताच ती मागे सरली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आत्या, याच्या गालात खडा आहे. पाण्यातून घेतो.”

हॉलच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. वहिनीने तिच्या पाठीत हलकेच चापट मारली. चेला म्हणाला, लहान मूल आहे, काहीही बोलतं.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “तिचं समाधान होऊ दे. बाबा, जरा आ करा.”

“मौनात आहेत ते.”

“आ करायला बोलावं लागत नाही.”

भोंग्याने आपलं तोंड जबडा फाटेल इतकं उघडून कसं करायचं ते दाखवलं. मागे कोणीतरी हसलं. बाबाचा गळा वरखाली झाला, डोळ्यांत पाणी आलं आणि मग त्याने तोंड उघडलं. आत काही नव्हतं. लोकांचा जीव भांड्यात पडला. बाई मात्र बाबाच्या गळ्याकडे बघत होत्या. त्यांनी तांब्या उचलला आणि वाटीवर उपडा केला.

टण्, टण्, टण्. वाटी भरून खडे बाहेर सांडले.

“खडा तोंडात होता, कानात नव्हताच,” बाई म्हणाल्या. “घोटाबरोबर उचलायचा, गालात धरायचा, वाटीत थुंकायचा. आत्ताचा तर गिळलाच. खडा गालात धरून बोलता येत नाही, म्हणून हे मौन.”

काही जण चेल्याकडे पैसे मागायला धावले. मघाचे गृहस्थ म्हणाले, हा लबाड निघाला, पण दुसरा एक आहे, तो खरंच काढतो. बाईंनी कपाळावर हात मारला.

“आपण सगळे शहाणे इथे उभे होतो,” त्या वहिनीला म्हणाल्या. “हिलाच कसं दिसलं? आपण त्या माइकचं ऐकत होतो. ही माणसांची तोंडं बघते, वहिनी. तिला त्याशिवाय कळत नाही. तूच मागून हाक मार.”

भोंगा पाठमोरी बसून सांडलेले खडे गोळा करत होती. वहिनीने हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. आसपासच्या चार बायका वळल्या. भोंगा खडे वेचत राहिली.

“मी मारलं गं हिला,” वहिनी म्हणाली. “हट्टी म्हणून कितीदा मारलं.”

बाईंचा राग ओसरला नव्हता, पण आता तो वहिनीवर नव्हता. त्या गर्दीकडे वळल्या. “कानात पडदा असतो. सर्दी पुन्हा पुन्हा झाली की कधी त्याच्या मागे पाणी साचतं आणि मूल कमी ऐकतं. डॉक्टर दिवा धरून बघतात, कारण सापडतं, पुष्कळदा बरंही होतं. यात मंदपणा कुठे आला? आपलं मूल कोणाच्याही हातात देण्याआधी विचारा, दाखवा म्हणा. दाखवत नसेल तर मूल घेऊन मागे फिरा. डॉक्टरीणबाई समोर शाळेत बसल्या आहेत.”

वहिनीने मुलीला कडेवर घेतलं आणि ती रस्ता ओलांडू लागली. तिच्या मागे थोडे लोक निघाले, बरेच निघाले नाहीत. फाटकाशी वहिनी मान खाली घालून काहीतरी पुटपुटली. भोंग्याने दोन्ही हातांनी आईची हनुवटी धरली आणि तिचा चेहरा आपल्याकडे वळवला.

“इकडे बघून बोल ना,” ती म्हणाली.

वहिनीने तिच्याकडे बघितलं आणि तेच पुन्हा, सावकाश म्हटलं.