समोरच्या खोलीतला फळा

मित्रांनो, मी एका प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक. आता जुना झालो आहे. माझ्या अंगाचा काळा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे आणि माझे एक चाक फिरवताना कुरकुरते. स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. आयुष्यभर मी इतरांना दुसरेच काही दाखवत आलो. शिवाय माझी हकिगत फारशी शोभेची नाही, कारण तिच्यात मत्सर पुष्कळ आहे.

माझा जन्म भिंगांच्या कारखान्यात झाला. भिंगे घासणारा कारागीर म्हातारा होता. त्याची मुलगी शेवटची तपासणी करायची. मला डोळा लावून ती म्हणाली, "बाबा, याला पाठवायला हरकत नाही." कौतुक एवढेच झाले, पण मला ते पुष्कळ दिवस पुरले.

पुढे मी बाईंच्या टेबलावर आलो. बाई हृदयाच्या आजारांवर संशोधन करतात. काही माणसांचे हृदय अवेळी थांबते. ठोका सरळ पुढे जायचा सोडून एकाच जागी गरगर फिरत राहतो. असे का होते, हे बाईंना शोधायचे होते. अशा माणसांच्या घरच्यांनी, स्वतःचे दुःख बाजूला ठेवून, हृदयाचे तुकडे अभ्यासासाठी दिले होते. त्यांचे पातळ काप काचपट्टीवर ठेवून बाई माझ्यातून पाहत. स्नायूचे तंतू विंचरलेल्या केसांसारखे दिसत. बाई सकाळी आल्या की आधी माझे भिंग मऊ कापडाने पुसत आणि म्हणत, "चला राजे, कामाला लागू." राजे म्हणजे मी. त्या काळात माझ्याइतका सुखी कोणी नव्हता.

मग समोरच्या खोलीत बाईंचा धाकटा भाऊ आला.

तो भौतिकशास्त्रज्ञ होता. अणूच्या गाभ्यातले कण एकमेकांना कशाने बांधले जातात, याचा तो अभ्यास करायचा. त्या शास्त्राला पुंज गेज क्षेत्र सिद्धांत म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, मीही घाबरलो होतो. त्याच्याकडे यंत्र नव्हते, भिंग नव्हते, काचपट्टी नव्हती. एक काळा फळा होता आणि खडूंचा डबा होता. दिवसभर तो फळ्यासमोर उभा राहायचा आणि जेवायला जाताना केसांपासून चपलांपर्यंत पांढरा झालेला असायचा. बाई त्याला पिठाची गिरणी म्हणत.

दोन्ही खोल्यांची दारे समोरासमोर होती आणि उकाड्यामुळे उघडीच असत. मला तो फळा पूर्ण दिसायचा. आधी मला त्याची कीव आली. ना डोळा, ना दिवा, नुसती रंगवलेली फळी. पण हळूहळू बाई चहाचा कप घेऊन तिकडे जाऊ लागल्या. एक कप संपेपर्यंत थांबत, मग दोन कप संपेपर्यंत थांबू लागल्या. तिकडून हसण्याचे आवाज येत. इकडे माझा दिवा उगाच जळत राही. मला नाक असते, तर नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. ज्यांना कोणी कधी पाहिले नाही, अशा कणांविषयी त्या फळ्यावर लिहिलेले असे आणि बाई ते डोळे मोठे करून पाहत. मी खरेखुरे दाखवत होतो, तर त्या म्हणत, "हं, पुढचा काप."

आणि अशातच माझ्यावर बालंट आले.

माझ्यातून एका वेळी कापाचा अगदी लहानसा भाग दिसतो. म्हणून बाई शेजारशेजारच्या भागांची बरीच चित्रे घेत आणि ती जोडून मोठे चित्र करत. त्यांची एक पद्धत होती. चित्र घेण्याआधी त्या काचपट्टी किंचित फिरवून तंतू आडवे करून घेत. आडव्या तंतूंची जाडी मोजायला सोपी जाते आणि चित्रे नीटनेटकी दिसतात. प्रत्येक चित्र आधीच्या चित्रापेक्षा थोडेसेच फिरवावे लागे, त्यामुळे ती एकमेकांना छान जुळत. निरोगी हृदयाच्या कापात कधीच अडचण आली नाही. पण एका आजारी हृदयाच्या कापात बाई एका डागाभोवती गोल फिरून पहिल्या चित्रापाशी परत आल्या, तेव्हा शेवटचे चित्र पहिल्याच्या मानाने चक्क उलटे निघाले. वरची पेशी खाली आणि खालची वर. मोठ्या चित्रात तिथे फट पडली. बाईंनी सगळे पुन्हा केले. पुन्हा फट पडली.

विभागप्रमुख येऊन बघून गेले. ते म्हणाले की याचा काचपट्टी ठेवायचा ओटा सैल झाला असणार, मधेच सरकत असणार. या यंत्राने घेतलेल्या चित्रांवर आता कोण विश्वास ठेवणार? नवीन यंत्र मागवू, हे भंगारात देऊ आणि याच्यावर झालेले सगळे काम रद्द धरू.

मित्रांनो, सगळे काम म्हणजे बाईंची कित्येक वर्षे. मलाही वाटू लागले, खरेच माझा ओटा सरकत असेल का? आपण खोटे दाखवत असू आणि आपल्यालाच ते कळत नसेल, तर? भंगाराच्या भीतीपेक्षा ही शंका वाईट होती.

बाई उठल्या आणि कुठे गेल्या? समोर. फळ्याकडे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी अब्रू जात होती आणि ती वाचवायला माझ्याच वैऱ्याकडे जायचे?

भावाने आधी सगळे ऐकून घेतले. ऐकताना तो कान खाजवत होता, त्यामुळे कानही पांढरा झाला. मग त्याने विचारले, "ताई, ते उलटं आलेलं चित्र तू सुलटं करून पाहिलंस का?"

"पाहिलं ना. ते पहिल्याशी जुळलं, पण मग त्याच्या मागचं जुळेना. फट एक घर मागे सरकली."

"आणि मागचंही उलटं केलंस तर?"

"आणखी मागे. उंदीर पकडावा तशी तिच्यामागे धावतेय मी."

भाऊ हसला नाही. त्याने फळा पुसला, त्यावर चौकोनांचे कडे काढले आणि प्रत्येक चौकोनात एक बाण काढला. मग म्हणाला, "आमच्याकडे रोजचंच आहे हे. वरची बाजू कुठली, ते प्रत्येक चौकोनाने आपल्या मर्जीने ठरवावं, निसर्गाला त्याचं काही नाही. म्हणून फट हवी तिथे ढकलता येते. पण कडं फिरून आल्यावर उरलेली अर्धी गिरकी, ती तुला पुसता येते का?"

बाईंनी कड्यावरून बोट फिरवून एक फेरी पुरी केली. "नाही येत."

"मग ती ना तुझी, ना यंत्राची. ती कापातच आहे."

"अरे, पण ओटा सरकत असला तर?"

"तर निरोगी कापातही कुठेतरी फट पडली असती. इतकी कडी जुळवलीस, एकात तरी पडली? ते यंत्र बिचारं खरं तेच सांगतंय, ताई. चित्रं तू फिरवलीस."

बाई म्हणाल्या, "लहानपणी वह्यांना सरळ कव्हरं घालून द्यायची तुला, तीच खोड नडली," आणि धावतच माझ्याकडे आल्या.

या वेळी त्यांनी काचपट्टी जराही फिरवली नाही. तंतू जसे पडले होते तसेच, तिरके तर तिरके, टिपत गेल्या. मग चित्रे जोडली. बोटाच्या ठशातल्या रेषा वर चढतात आणि वळसा घेऊन परत फिरतात, तसे ते तंतू डागापाशी येऊन वळले होते. आडवे करण्याच्या नादात बाईंनी तो वळसा आपल्याच हाताने सरळ केला होता. ठोका वाट चुकून फिरत राहतो, तो कदाचित अशाच जागी. कदाचित म्हणायचे, कारण पुढे पुष्कळ तपासायचे होते. पण आता तपासायला जागा सापडली होती. काम रद्द झाले नाही.

बाईंनी कपाळ माझ्या नळीला टेकवले आणि म्हणाल्या, "माफ कर, राजे."

मला फार बरे वाटले. आणि खरे सांगू? थोडे वाईटही वाटले. मी निर्दोष आहे हे सिद्ध केले, ते त्या फळीने. वळसा होता माझ्या नजरेसमोर, पण ओळखला तिने. उपकार करणाऱ्याचा मत्सर करणे किती अवघड असते, ते मला त्या दिवशी कळले. मी तो तरीही केला. दुसऱ्या दिवशी भावाने ते कडे पुसून नवे काहीतरी लिहिले, तेव्हा मात्र माझ्या मनात आले की त्या बिचाऱ्या फळ्याकडे काहीच राहत नाही.

नवे यंत्र शेवटी आलेच. मागवलेले होते, येणारच. ते आता माझ्या टेबलावर बसते, एका दमात अख्ख्या कापाचे चित्र घेते आणि मी खिडकीजवळच्या फडताळावर असतो. पण त्याच्या एखाद्या चित्राविषयी शंका आली की बाई मला खाली घेतात, भिंग पुसतात आणि म्हणतात, "राजे, तुम्ही काय म्हणता?" त्या वाकून माझ्यात पाहत असतात, तेव्हा मागे नव्या यंत्राचा पंखा एकदम जोरात घरघरू लागतो. बाई म्हणतात, तापले असेल. मला तो आवाज चांगला ओळखता येतो.

म्हणून मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुन्या यंत्राचे भिंग पुसा, त्याला दोष देण्याआधी आपला हात कुठे फिरला ते आठवा. आणि हे सगळे करताना त्या नव्या यंत्रालाही जाता-येता एखाद्या नावाने हाक मारा. त्याला अजून कोणी नाव ठेवलेले नाही.