फिट ठरलेली तोफ

हुपरीहून आलेली एस.टी. कोल्हापूरच्या स्टँडात वळली आणि मागचं चाक धडाडकन फुटलं. शालनला काही कळायच्या आत बाबासोनं तिला सीटांच्या मधल्या जागेत खाली दाबलं आणि स्वतः तिच्यावर पालथा पडला. माणसं हसली. टायर फुटलाय पावणं, उठा, असं कंडक्टर म्हणाला, तरी बाबासो उठेना. त्याचं काळीज तिच्या पाठीवर धडधडत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा भ्यालेला तिनं कधी पाहिला नव्हता.

बाबासो तोफखान्यात हवालदार. या खेपेला सुट्टीवर आला तो पलटणीतल्या करीमची ट्रंक हुपरीला त्याच्या आईला, रोशनबीला, पोचवायला. ट्रक उलटून करीम गेला, असं त्यानं म्हातारीला सांगितलं होतं. शालनही तेच खरं धरून चालली होती.

घरी आल्यावर त्यानं दाराला कडी घातली आणि खरं काय ते सांगितलं. सरावात करीमच्या तोफेची नळीच फुटली होती. बाबासोची तोफ शेजारीच होती आणि तीही तेवढीच जुनी, त्याच्या जन्माआधीची. नव्या तोफांच्या चाचण्या त्याच्यासमोर झाल्या होत्या, एक पसंतही पडली होती. मग दिल्लीत सरकार बदललं, पसंती रद्द झाली. पुन्हा समिती, पुन्हा चाचण्या. तोवर जुन्यांवरच भागवा, असा हुकूम. परत गेल्यावर त्याला त्याच तोफेवर उभं राहायचं होतं.

शालननं त्याचा हात धरला. जाऊ नका, म्हणाली. मी न्हाय गेलो तर दुसऱ्याला उभा करत्यात, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तीच त्याला पुन्हा हुपरीला घेऊन गेली. लेक कशानं गेला हे आईला तरी कळू दे, असं तिचं म्हणणं. रोशनबी पैंजणाला घुंगरं जोडत बसली होती. सगळं ऐकून ती रडली नाही.

“तुजी तोफ बी तसलीच हाय?” तिनं विचारलं.

बाबासोनं मान डोलावली.

“मग सायबाला सांग की. भ्या वाटतंय म्हणून सांग. माझा करीम बी भ्यायचा, पर बोलला न्हाय कुणाला.”

तो गेला, आणि शालनचे दिवस जाईनात. पोस्टमन बोळात शिरला की ती मागच्या दारी जाऊन उभी राही.

बाबासो पुढच्या सुट्टीवर धडधाकट आला. त्यानं कॅप्टनला सगळ्यांसमोर सांगितलं होतं. कॅप्टन पोरसवदा, तो ओरडला नाही. भीती मलाही वाटते, वर लिहिलंय, उत्तर तेच येतं, असं म्हणाला. मग सगळ्यांना त्यानं खंदकात उतरवलं, तोफेच्या चापाला लांब दोरी बांधली आणि खंदकातूनच बाबासोबरोबर स्वतः ओढली. गोळे सगळे नीट सुटले.

“मग काढली न्हवं ती तोफ?” शालननं विचारलं.

“न्हाय. फुटली न्हाय म्हणून फिट ठरली. अजून चालवा म्हणत्यात.”

“आन् नव्या?”

“चाचण्या चालू हायत.”

दोरी तेवढी सायबानं ठेवलीया, लांबनंच ओढायची, असं तो म्हणाला. शालनला त्या दोरीचाच काय तो आधार वाटला. तेवढ्यावर तिनं सुट्टी संपताना त्याचं सामान भरायला घेतलं.