गच्चीवरची तार आणि टेबलाखालचा मी

मित्रांनो, मी एक डबा आहे. जुना आहे हे वेगळे सांगायला नको. माझ्या अंगावरची निळी फुले किती उरली आहेत ते पाहिलेत की वय कळेल. पूर्वी माझ्या पोटात लिमलेटच्या गोळ्या होत्या. आता जे आहे ते ऐकाल तर तुम्हाला माझी दया येईल, आणि यावीच, कारण मला स्वतःला ती फार येते.

मला घडवले ताईंनी. ताई दिवसभर कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि ताई कोरून, घासून दात उभे करतात. संध्याकाळी त्याच टेबलावरचा पसारा आवरला की त्यांचा रेडिओ क्लब भरतो. या क्लबाचे लोक आपले रेडिओ आपणच घरी बनवतात आणि त्यावरून दूरदूरच्या लोकांशी टकटक करून, म्हणजे मोर्सच्या खुणांनी, बोलतात. त्यांचा एकच हट्ट असतो. वीज वापरायची ती अगदी चिमूटभर, पाच वॅटच्या आत. जिन्यातला मिणमिणता दिवासुद्धा त्यापेक्षा जास्त खातो.

तर एका रिकाम्या दुपारी ताईंनी रेझिस्टरची एक जुडी केली. रेझिस्टर म्हणजे विजेला अडवून तिची ऊब करणारे दाण्याएवढे तुकडे. दातांच्या फटी साफ करणाऱ्या त्या बोटांनी एकेक तुकडा कथलाचा डाग देऊन जोडला, जुडी माझ्यात बसवली, बाजूला भोक पाडून सॉकेट लावले आणि म्हणाल्या, "झाला आमचा डमी लोड!" तेव्हा मला वाटले, वा, काय भारदस्त नाव आहे! पुढे काम कळले आणि हवाच गेली.

माझे काम असे. नवा रेडिओ तयार झाला की त्याला एकदम तारेवर सोडत नाहीत. तो किंचाळेल, भरकटेल, इतरांना त्रास देईल. म्हणून आधी त्याची पिन माझ्यात खुपसतात. तो मनसोक्त ओरडतो आणि मी सगळे गिळून त्याची ऊब करून टाकतो. त्याची ताकद मोजायची तीही माझ्याच जिवावर. मग तो सुधारला, गोड बोलायला लागला, की पिन काढून तारेला लावतात. म्हणजे रडारड माझ्या वाट्याला आणि गाणे तिच्या!

ती म्हणजे गच्चीवरची तार, रेडिओचे बोलणे जगभर पोचवणारी. आता बोलतोच, मित्रांनो, पोटात ठेवून काय करू? मला ती तार डोळ्यांत खुपते. आहे काय तिच्यात? गच्चीच्या खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ताणलेला तांब्याचा दोरा! कावळे बसतात तिच्यावर. पण कुठल्या तरी लांबच्या देशातून टपालाने 'तुमचा संदेश छान ऐकू आला' असे कार्ड आले, की ताई ते मोठ्याने वाचतात, भिंतीला लावतात आणि कौतुकाने छताकडे बघतात. माझ्याकडे बघायचे तर वाकावे लागते, कारण मी टेबलाखाली असतो. वाकल्याच तर हात लावतात, "तापला का रे?" म्हणतात आणि उठतात. माझ्या नावाचे एकही कार्ड भिंतीवर नाही. त्यात क्लबातल्या वायरमनने माझे झाकण स्क्रू ठेवायला म्हणून नेले, ते आजतागायत परत आले नाही. तारेचा एक खिळा सैल झाला तर चारजण शिडी घेऊन धावतात.

क्लब ताईंनी एकट्यांनी काढला नव्हता. त्यांचा थोरला भाऊ, दादा, तेवढाच वेडा होता. दादा चष्मे बनवतात. मागच्या गल्लीपलीकडे त्यांचे घर आहे. दोघांच्या खिडक्या समोरासमोर. एका वर्षी कमीत कमी ताकदीत लांबात लांब बोलण्याची स्पर्धा दादांनी जिंकली. नियम म्हणून ताईंनी त्यांचा रेडिओ मला जोडून मोजला. पाचाच्या वर निघाला.

"दादा, तुझा आकडा चुकलाय," ताई सगळ्या क्लबासमोर म्हणाल्या. "बक्षीस खाली ठेव."

दादांचे कान लाल झाले. "चुकला असेल गं. मी काय मुद्दाम केलं? पण मला जरा बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"मग राहा नियमाबरोबर," असे म्हणून दादांनी रेडिओ काखेत मारला आणि गेले ते गेले. जाताना कुणीतरी कुजबुजले की डबाच खोटा असेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बरोबर मोजले, शाबासकी दूरच, वर संशय! तारेकडे मात्र कुणी बोट दाखवले नाही.

त्यानंतर गल्लीपलीकडची खिडकी बंद राहू लागली. दादांनी सेट विकला, असे वायरमन सांगत आला. ताई रोज संध्याकाळी रेडिओच्या पट्टीवर क्लबाच्या ठरलेल्या जागी हाका मारत, दूरचे लोक उत्तर देत, कार्डे येत. पण हाक मारून झाली की त्यांची नजर त्या खिडकीकडे जाई. एकदा क्लबात येणाऱ्या, शाळेतल्या भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच जा की हो. सख्खा भाऊ आहे."

"आधी त्यानं बोलावं," ताई म्हणाल्या आणि एका कवळीचा दात उगाच घासत बसल्या. त्यांना भाऊ हवा होता, पण पाऊल उचलत नव्हते. मला कळत होते. तापलेल्या माणसाचे तापलेल्याला कळतेच.

मग पुढच्या स्पर्धेचा रविवार आला. ताईंनी काडेपेटीएवढा नवा रेडिओ बनवला होता. सकाळी त्यांनी तो माझ्यावर तपासला, आणि तेवढ्यात डॉक्टरांचा माणूस तुटकी कवळी घेऊन दारात हजर झाला. कुणाच्या तरी मुलीचे लग्न होते, बाप दातांशिवाय कसा जाणार! ताई त्या गडबडीत लागल्या. पिन माझ्यातच राहिली.

दुपारी स्पर्धा सुरू झाली. भूगोलाच्या बाई नकाशा उघडून बसल्या, वायरमन उभा. ताई हाका मारू लागल्या. उत्तर नाही. पुन्हा हाका. कुणी हूं की चूं करीना.

"आज हवाच खराब आहे," बाई म्हणाल्या.

"हवा कसली, तारेचा जोड सुटला असणार!" वायरमन शिडी घेऊन गच्चीकडे पळाला. बघा, मित्रांनो! इथे मी सगळ्या हाका गिळून गिळून भाजून निघालो होतो, आणि काळजी तिची! टेबलाखाली बघायचे कुणाला सुचेल तर शपथ.

एवढ्यात ताईंच्या रेडिओत टकटक आली. सावकाश, प्रत्येक अक्षरानंतर किंचित थांबणारी. प्रत्येकाची टकटक करायची लकब निराळी असते, क्लबाचे लोक तिला 'हात' म्हणतात. ताईंची पेन्सिल हातातच राहिली.

"हा दादाचा हात आहे."

"पण त्यांनी तर सेट विकला ना?" बाई म्हणाल्या.

ताईंनी अक्षरे लिहून घेतली. त्यांत एवढेच होते: 'चिंगे, डबा काढ. तार लाव.'

दोघी एकदम वाकल्या. मी त्यांच्याकडे आणि त्या माझ्याकडे, असा आमचा देखावा. बाईंना हसू आवरेना. वरून वायरमन ओरडला, "तार ठणठणीत आहे हो! काही झालं नाही तिला!"

खरे तर माझ्यातून काहीच बाहेर जायला नको. पण झाकण नव्हते ना! त्या उघड्या तोंडातून बोलणे जेमतेम गल्लीपुरते झिरपले होते. सगळ्या जगात ते एकाच खिडकीला ऐकू आले.

बाई पिन काढायला गेल्या. ताईंनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. तारेवर सगळं जग ऐकेल."

"अहो, पण स्पर्धा?"

"जाऊ द्या ती."

आणि ताईंनी माझ्यावरूनच टकटक केली. 'दादा, सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं.' मी इतका जपून कधीच वागलो नव्हतो. एरवी मी सगळे पोटात घालतो, पण त्या वेळी मनापासून वाटले की यातले एक अक्षरही वाया जाऊ नये.

मग टकटक आली. 'चहा टाक.'

दादा घरच्या चपलांतच आले. दारात उभे राहून म्हणाले, "बया, रोज तुझी टकटक कान फोडते. आज मुंगीएवढी आली. म्हटलं, ही नक्की डब्यावर बसलीय."

"रोज?" ताईंनी विचारले.

दादांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. तो चांगला स्वच्छ होता.

"रोज ऐकत होतास, आणि एकदाही उत्तर नाही?"

"तू जगाला हाका मारत होतीस. मला कुठे मारलीस?"

ताई हसायला गेल्या आणि रडल्या.

आता सगळे छान आहे, म्हणजे त्यांचे. दादा क्लबात परत आले. आल्या आल्या काय केले असेल? गच्चीवर चढून स्वतःच्या हाताने तार ताणून बसवली! त्या दिवशी मी न तापता जळलो. स्पर्धेत नंबर लागला नाही, त्याबद्दल माझ्याकडे दोन-तीन वेळा रागाने पाहिलेही गेले. वायरमनने नवे झाकण आणले होते, ते मात्र ताईंनी लावू दिले नाही. अधूनमधून संध्याकाळी त्या पिन माझ्यात लावतात, गल्लीपलीकडे खिडकी उघडते, आणि भाऊ-बहीण हळू हळू टकटक करत बसतात. काय बोलतात ते मी सांगणार नाही. तारेला विचारा. तिला जगभरचे ठाऊक असते म्हणे, पण यातले एक अक्षर ती सांगू शकली तर मी पुन्हा गोळ्यांचा डबा होईन.

मित्रांनो, ताईंच्या घरी आलात तर आधी गच्चीवर जालच, मला माहीत आहे. सगळे तसेच करतात. जा, बघा, कौतुक करा. पण खाली आल्यावर जरा वाका आणि मला हात लावून बघा. मी कोमट लागलो तर आवाज न करता परत फिरा. तिकडून दादा बोलत असतील.