आपल्या माणसांचे वजन

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, माघ शुद्ध सप्तमी, शनिवार, सकाळची वेळ. स्थळ फलटण, डॉक्टर मुजावरबाईंचे प्रसूतिगृह. हेमांगी रणवरे तेथील काट्यावर उभी राहिली आणि तिचे वजन मागच्या खेपेपेक्षा एक किलोने अधिक भरले. त्याच क्षणी, चार गल्ल्या पलीकडे, अंगणात गोवऱ्यांवर रथसप्तमीचे दूध उतू घालवीत बसलेल्या तिच्या सासूबाईंचे वजन पाच किलोने उतरले.

याला योगायोग म्हणण्याची सोय नव्हती. हेमांगीचे पती धैर्यशील हे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तालुक्यातल्या भुसारी दुकानांपासून कांद्याच्या वखारींपर्यंत सर्वांचे काटे त्यांनी तपासलेले असत, आणि घरच्या पडवीतही त्यांनी स्वतः पारखून घेतलेला एक काटा होता. दर शनिवारी संध्याकाळी घरातील प्रत्येकाने त्यावर उभे राहायचे, असा शिरस्ता होता. त्या संध्याकाळी सासूबाई काट्यावरून उतरल्या त्या हसतच.

"अगं, माझं गुडघं कुठं गेलं म्हणायचं? दुखायचंच विसरलंय."

"आत्याबाई, तुमचं पाच किलो कमी झालंय," हेमांगी म्हणाली.

"जाईना का. कुणाला हवं होतं ते?"

हेमांगीला वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून मधुमेह होता. ताटावर बसण्याआधी पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घेणे तिला पदर सावरण्याइतके सवयीचे झाले होते. लग्नाच्या पंगतीत तिने उखाणा घेऊन धैर्यशीलांना जिलबीचा घास भरवला होता. त्यांनी तिला भरवला तो काकडीचा. त्यावर वऱ्हाडी मंडळी हसली. ती दोघे मात्र हसली नव्हती, आणि आपले जमेल हे तिला तेव्हाच कळले होते.

"वजन वाढलं पाहिजे, पण बेतानं," मुजावरबाईंनी तिला सांगितले होते. "फार वाढलं, तर साखरेच्या बाईचं बाळ पोटात अवाजवी मोठं होतं. आणि भिऊन खाल्लंच नाही, तर बाळ खुरटतं. मला दोन्ही चालत नाही."

फाल्गुन संपेपर्यंत नियम स्पष्ट झाला. हेमांगीच्या अंगी एक किलो लागला की आत्याबाईंचे पाच किलो जात. पातेलेभर दूध आटावे आणि हाती मूठभर खवा यावा, तसे. आत्याबाई जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळून गच्चीवर जाऊ लागल्या. पुढे त्यांचे जिन्याला पाय लागेनासे झाले, तेव्हा त्या मांडीवर वरवंटा घेऊन बसू लागल्या. धैर्यशीलांचे वजन मात्र दर शनिवारी तेवढेच भरे. हेमांगी स्वयंपाकघराच्या दारातून काट्याकडे पाही, आणि आत जाई.

चैत्रात डोहाळजेवण झाले. फुलांचे दागिने घालून तिला झोपाळ्यावर बसवले. अकरा बायका जमल्या होत्या, आणि धैर्यशीलांनी प्रत्येकीला येताना व जाताना काट्यावर उभे राहण्याची विनंती केली.

"पानसुपारी ऐकली होती, हे नवीन," एकजण म्हणाली.

"दोन जिवांची तू, दुपटीनं खा," दुसरी म्हणाली.

"दुपटीनं खाऊन डॉक्टरणीची बोलणी कुणी खायची?" हेमांगी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

जाताना दहा जणींचे वजन जेवणाइतके वाढलेले होते. एकटी शेजारची सुगंधा भोइटे पाच किलोने उतरली. तिने आकडा पाहिला, मग हेमांगीकडे पाहिले, आणि तिच्या गालाला हात लावून ती घरी गेली. त्यानंतर ती आली नाही. तिला तीन लहान लेकरे होती; तिने केले ते योग्यच होते. हेमांगीला एवढे मात्र कळले की हे वजन परक्यांकडून येत नाही, आपल्याच माणसांकडून येते. आणि आपली म्हणावीत अशी माणसे एका हाताच्या बोटांनाही पुरणार नाहीत.

तिने बार्शीला आईला फोन केला.

"आई, तुझं वजन उतरलंय का गं?"

"छे गं बाई. मुठीएवढंसुद्धा नाही. का?"

"काही नाही. सहज."

फोन ठेवून ती वळली, तर मागे धैर्यशील उभे होते.

"बार्शी लांब आहे," धैर्यशील म्हणाले. "अंतराचा परिणाम असू शकतो."

"आणि तुम्ही? तुम्ही तर याच घरात राहता."

त्यांनी जाकिटाची बटणे लावली. त्या दिवसापासून त्यांना वाढताना तिची पळी ताटावर किंचित आपटू लागली.

वैशाखात आत्याबाई गेल्या. गच्चीवर सांडगे वाळत घातले होते आणि वावटळ सुटली. सांडगे उडतील म्हणून त्यांनी घाईने मांडीवरचा वरवंटा बाजूला ठेवला आणि त्या उठल्या. हेमांगी जिन्यावरून पोहोचली तेव्हा त्या कठड्याच्या पलीकडे, पिंपळाच्या शेंड्याइतक्या उंचीवर होत्या आणि वाऱ्याबरोबर आग्नेयेकडे चालल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"शिंगणापूरच्या बाजूला चाललेय बघ," त्या वरून म्हणाल्या. "बरंच झालं. पायऱ्या चढायला नकोत."

"आत्याबाई, परत कधी?"

"सांडगे आत घे आधी," त्या म्हणाल्या.

तो शनिवार असल्याने संध्याकाळी धैर्यशील एकटेच काट्यावर उभे राहिले. वजन तेवढेच भरले. सख्खी आई गेल्यावरही ज्याचे रतीभर उतरत नाही, तो माणूस आपला कसा, हा प्रश्न हेमांगीने मनात पुरता मांडला आणि त्याचे उत्तरही स्वतःच देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुण्यासाठी तिने त्यांचे जाकीट खुंटीवरून काढले. जाकीट खुंटीसकट खाली आले आणि फरशीला तडा गेला. खिशांत, अस्तरात, शिवणीच्या आत पितळी वजने होती आणि प्रत्येकावर खात्याचा शिक्का होता. तिने मान वर केली. धैर्यशील तुळईला पाठ लावून छताशी पडून होते. आंघोळ करून ते तसेच वर गेले असावेत. त्यांच्या केसांतले पाणी थेंबाथेंबाने खाली पडत होते.

"ही सरकारी आहेत," ती म्हणाली.

"होय."

"घरी आणायची परवानगी नसते."

"नसते."

"कधीपासून?"

"रथसप्तमीपासून."

"मला सांगितलं का नाही?"

"तू जेवायची थांबली असतीस."

ती जेवायची थांबलीच. त्या दिवशी दुपारी तिने ताट सरकवले आणि सुईही घेतली नाही. सकाळी घेतलेले इन्सुलिन मात्र अंगात होते. थोड्या वेळाने तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि भिंती जवळ सरकल्या. पोटावर हात ठेवून ती वाट पाहत होती. बाळ हलत नव्हते.

धैर्यशील कपाटाच्या कडेला धरून भिंतीवरून खाली उतरले, टेबलाच्या पायात त्यांनी आपला पाय अडकवला, आणि डबा उघडून चमचाभर साखर तिच्या ओठांशी धरली.

"खा."

"तुम्ही जाल."

"ते मी बघतो. खा."

लग्नात राहून गेलेला गोड घास तिने असा घेतला. थरथर थांबली. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावून तिला भरवला, आणि मग दुसरा. प्रत्येक घासासरशी ते थोडे थोडे वर उचलले जात होते. टेबलाच्या पायातला त्यांचा पाय सुटला, पण त्यांनी हात थांबवला नाही. शेवटचा घास त्यांनी छताशी उलटे होऊन, हात लांब करून वरून दिला.

"मापात खोट नको," ते म्हणाले.

बाळाने लाथ मारली.

पितळी वजने त्यांनी खात्यात परत पाठवली. त्या बाबतीत त्यांनी तिचे ऐकले नाही. तेव्हापासून हेमांगी त्यांच्या सदऱ्याची बाही आपल्या पदराला गाठ मारून बांधी आणि मगच घराबाहेर पडे. ते तिच्या डोक्यावर, थोडे मागे, आडवे तरंगत असत. वाटेत लोक तिला रस्ता देत. वर कोणी पाहत नसे. घरी ताट एकच वाढावे लागे, कारण धैर्यशीलांना आता काही लागेनासे झाले होते.

ज्येष्ठात नववा महिना भरत आला, तेव्हा ती अशीच मुजावरबाईंकडे गेली. बाईंनी तिला काट्यावर उभे केले आणि समाधानाने मान हलवली.

"हवं तेवढं. किलोभर जास्त नाही, किलोभर कमी नाही. साखरेच्या पेशंटनं इतकं नेमकं वजन राखलेलं मी क्वचित पाहिलंय. बाळाचंही छान आहे. उद्या दाखल व्हा. सोबत कोण असेल?"

"हे."

बाईंनी वर पाहिले.

"सोबतीला उचलाउचल करू शकेल असं माणूस लागतं, हेमांगी."

"ह्यांचं वजन करा."

"नवऱ्यांची वजनं मी करत नाही."

"एकदा करा."

हेमांगी काट्यावरून उतरली. तिने पदर ओढून धैर्यशीलांना खाली आणले आणि त्यांची पावले काट्यावर टेकवली. काटा शून्यावर होता तो शून्यावरच राहिला.

"हा बिघडला असेल," मुजावरबाई म्हणाल्या. "जुना झालाय."

या वाक्याला हेमांगीने घट्ट धरले. काटा बिघडला असेल, तर मघाचे तिचे वजन खोटे. ते खोटे, तर कोणाचे काही उतरलेच नव्हते. आत्याबाई शिंगणापूरला दर्शनाला गेल्या होत्या आणि सुगंधा कामात होती.

"बिघडलाच असणार," ती म्हणाली. "अहो, तुम्ही बघा ना. नीट बघा."

धैर्यशील वाकले. त्यांनी काट्यावरचा शिक्का पाहिला, अंगठ्याने पाट चारही कोपऱ्यांना दाबून पाहिला, डोळा जमिनीशी नेऊन पातळी पाहिली. मग ते सरळ झाले.

"गाठ सोड," ते म्हणाले. "पदराचा ताण वजनात येतो."

"नको."

"हेमा, तपासणी अशी होत नाही."

गाठ घट्ट बसली होती. ती सोडायला तिला वेळ लागला, आणि तोवर मुजावरबाई व धैर्यशील दोघेही थांबले. बाही पदरातून निसटली. खोलीतला पंखा चालू होता आणि खिडकी उघडी होती. धैर्यशीलांनी दोन्ही हात अंगाशी सरळ ठेवले, मान झुकवून पायांशी असलेले शून्य वाचले, आणि काटा पूर्ण स्थिर होईपर्यंत नेहमीप्रमाणे वाट पाहिली.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले.