खंडेनवमीला राहून गेलेलं अपडेट

मी एक जुना क्लस्टर आहे. मित्रांनो, क्लस्टर म्हणजे कपाटात एकावर एक रचून एकमेकांना जोडलेले पुष्कळ संगणक. पलूसजवळच्या एका कॉलेजात मी सगळ्यांच्या सामायिक वापरासाठी आहे. नवा होतो तेव्हा पाहुणे आले की मलाच दाखवायला आणत. पुढे माझे पंखे कुरकुरले तरी कुणी फिरकेना. हे सगळं शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण ते जमणार नाही.

माझ्याकडे जो तो आपला कंटेनर घेऊन येतो. कंटेनर म्हणजे घरून बांधून आणलेला डबाच. प्रोग्रामला लागेल ते सगळं त्यात भरलेलं असतं. पण हा डबा उघडणारं सॉफ्टवेअर फार जपावं लागतं. माझी देखभाल पाहणाऱ्या नानासोंनी ते मालकाच्या अधिकारानं चालेल असं बसवलं होतं. अशा सॉफ्टवेअरला भोक पडलं, तर डब्यात लपून आलेला चोर माझा मालक होऊन बसतो.

रुमाना माझ्यावर द्राक्षाच्या पानांचे फोटो ठेवायची. दोन हंगाम बागा तुडवून तिनं ते काढले होते. पानांवरचा भुरी रोग डोळ्यांना दिसण्याआधी संगणकानं ओळखावा, हा तिच्या पीएच.डी.चा विषय. फोटोंची दुसरी प्रतही माझ्याच पोटात होती, कारण वेगळी जागा कॉलेजनं दिलीच नव्हती.

खंडेनवमीच्या सकाळी ती नानासोंकडे आली.

"आवं काका, डबा उघडायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलीया. जुन्यातनं कुणीबी मालक हुतंय. आजच चढवा."

नानासो मला हळदकुंकू लावत होते. "आज यंत्राला हात लावायचा न्हाई गं. इसावा असतोय त्याला."

कसला विसावा? त्या क्षणीही माझ्यावर सगळ्यांची कामं चालू होती. विसावा मिळाला तो फक्त अपडेटला. दुसऱ्या दिवशी दसरा, मग जोडून सुट्टी, मग "बघू". काम टाळायला माणसांना देव बरा सापडतो.

त्याच आठवड्यात कुणाल नावाच्या विद्यार्थ्यानं कुठल्याशा साइटवरून तयार डबा उतरवला. तो कुणी भरलाय, त्यावर डिजिटल सही कुणाची, काही पाहिलं नाही. आतला चोर जुन्या भोकातून मालक झाला आणि सगळ्यांच्या फायली पुसून गेला.

"भोक ठाऊक कुणाला होतं?" प्राचार्यांनी विचारलं.

"रुमानाला," नानासो म्हणाले.

तिचंच खातं बंद झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला तोंड असतं तर कपाट फोडून ओरडलो असतो.

शेवटी कुणालच पुढं आला. "सर, डबा माझा हुता. मला भ्या वाटलं, म्हणून गप बसलो."

मग नानासोंनी नवी आवृत्ती अधिकृत ठिकाणाहून आणली, सही तपासली आणि मालकाचा अधिकार न देता बसवली. चहा गार व्हायच्या आत काम झालं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

"चुकलं माझं, पोरी. खातं चालू केलंय तुजं."

रुमाना रिकाम्या फोल्डरकडे बघत होती. "काका, बागांची छाटणी झाली. मागल्या सालची पानं आता कुठनं आणू?"

नानासो माझ्यावरचं वाळलेलं हळदकुंकू पुसू लागले.

मित्रांनो, माझी पूजा नाही केली तरी चालेल. अपडेट आलं की त्याच दिवशी चढवा, अनोळखी डबा उघडू नका, आणि दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा. आणि कुणी तुम्हाला भोक दाखवलं, तर आधी ते बुजवा. दाखवणारीला चोर ठरवू नका.